चिठ्ठीत काय लिहिलंय?

(मोडनिंब येथे महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



सोनोग्राफीचं यंत्र खोटं बोलत नाही, असं आपण समजतो. पण यंत्र फक्त चित्र दाखवतं. अर्थ माणूस लावतो, आणि चित्र बघण्याआधी त्याच्या हातात एक चिठ्ठी असते.

इथल्याच एका ऊसतोड करणाऱ्या ताईबरोबर मी तपासणीला गेले होते. कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं, एवढीच तिची तक्रार. चिठ्ठीत लिहिलं होतं : ‘वय ३२, ऊसतोड मजूर, दोन मुलं, बीजकोशात गाठ?’ रिपोर्ट आला : ‘दोन सेंटीमीटरची गाठ.’ पिशवी काढायचा सल्ला मिळाला. ताई मुकादमाकडे उचल मागायला निघाली.

चिठ्ठीत शेवटच्या पाळीची तारीखच नव्हती. पाळीच्या मधल्या दिवसांत बीज पिकताना बीजकोशात साधारण एवढाच पाण्याचा फुगा दिसतो. तो आजार नव्हे. पुढची पाळी झाल्यावर आम्ही दुसरीकडे तपासलं. चिठ्ठीत तारीख आणि त्रास एवढंच लिहून घेतलं. ‘गाठ’ नव्हतीच. पांढरं जाणं औषधाने थांबलं.

डॉक्टर मुद्दाम खोटं बोलले, असं मी म्हणत नाही. जे शोधायला सांगितलं तेच डोळे शोधतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसातल्या गाठी शोधायला सांगितलं. चित्रांत मुद्दाम घातलेला गोरिला २० जणांना दिसलाच नाही!

मग चिठ्ठी कोरी ठेवायची का? नाही. त्रास, तारीख, आधीची ऑपरेशनं लिहायलाच हवीत. पण ‘मजूर’, ‘मुलं झालीत’ या शब्दांआड ‘आता हिला पिशवी कशाला?’ हा निवाडा लपू शकतो. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीडचा आकडा आला : पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. त्यामागची कारणं अनेक आहेत. पण त्यातल्या किती जणींना चिठ्ठी कुणी वाचून दाखवली असेल?

म्हणून चिठ्ठी वाचून घ्या. पाळीची तारीख लिहायला लावा. फिल्म आणि रिपोर्ट जपून ठेवा. दुसरं मत घेताना आधी फिल्म दाखवा, जुना रिपोर्ट मागाहून. आणि तपासणीला एकटीने जाऊ नका, एक मैत्रीण बरोबर न्या. पिशवी आपली आहे. तिच्याबद्दल काय लिहिलंय, हे आधी आपल्याला कळलं पाहिजे.