दिल्लींत आपला माणूस बोलतो काय?
(शेतकरी मंडळींपुढें केलेलें भाषण)



कांदा पिकतो आपल्या शेतांत, पण त्याची परदेशची वाट बंद करतें दिल्ली. डिसेंबर २०२३ मध्यें निर्यात बंद झाली, ती मे २०२४ मध्यें उघडली. तोंवर ज्याचें जळायचें त्याचें जळालें. म्हणून म्हणतों, दिल्लींत आपला माणूस बोलका पाहिजे.

असा एक आपण पाठविला होता. क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ सालीं साताऱ्याहून लोकसभेंत गेले आणि तेथें मराठींत बोलले. घटनेचें १२० वें कलम सांगतें कीं, ज्याला हिंदी वा इंग्रजींत आपलें म्हणणें पुरतें मांडतां येत नाहीं, त्याला अध्यक्ष मातृभाषेची परवानगी देऊं शकतात. वाहवा! ज्यानें तलाठ्याची नोकरी सोडून, १९४२ नंतर इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार चालविलें, त्याला म्हणे बोलतां येत नव्हतें! मुंबईचें द्वैभाषिक राज्य मोडा, कारभार रयतेच्या बोलींत चालवा, ही मागणी घेऊन लोकांनीं त्यांना धाडलें होतें. ती मागणी परक्या बोलींत करावयाची कशी? पुढें १९६७ सालीं बीडकरांनींही त्यांनाच निवडलें. जिल्हा पाहिला नाहीं.

आज सभागृहांत मराठीचा तर्जुमा ऐकण्याची सोय आहे, तेव्हां भाषेची सबब उरली नाहीं. तेथला शब्द न् शब्द छापला जातो. मतें मागावयास येतील त्यांना बसावयास घोंगडें द्या, पाणी द्या आणि विचारा: कांद्यावर आपण बोललांत तें पान कोणतें?