पाणी ओतण्याआधी एकदा बघा

आजचा विषय ठरला तेव्हा आमच्याच गटात खसखस पिकली. लघवीवर काय रेडिओवर बोलायचं? पण हसून झाल्यावर एकेक जण सांगू लागली आणि चहा गार होऊन गेला.

आमच्यातल्या एकीला क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्याच दिवशी लघवी नारिंगी-लाल. तिला वाटलं, रक्तच पडतंय. घरात बोलली नाही, गुपचूप गोळ्या बंद केल्या. आशाताई घरी आल्या, त्यांना गोळ्यांचं पाकीट तसंच दिसलं, तेव्हा उलगडा झाला. त्या गोळ्यांत रिफाम्पिसिन नावाचं औषध असतं, त्याचाच तो रंग. घाम आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा नारिंगी होतं. त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते गोळ्या मध्येच सोडल्यानं. आजार पुन्हा उसळतो आणि मग नेहमीच्या औषधांना दाद देईनासा होतो. गोळ्या देतानाच कुणी एवढं सांगितलं असतं, तर तिचे ते दिवस वाया गेले नसते. मात्र या गोळ्या चालू असताना डोळे पिवळे झाले, उलट्या होऊ लागल्या, अन्न नकोसं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. काहींच्या यकृताला त्या सोसत नाहीत.

बीट खाल्ल्यावर लघवी गुलाबी होते, बी-कॉम्प्लेक्सनं पिवळीजर्द. दोन्हीची काळजी नको. लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं, तेही चालायचंच.

आता आपल्या रोजच्या गोष्टीकडे येऊ. गर्द पिवळी लघवी म्हणजे बहुतेक वेळा पाणी कमी पडतंय. आणि आपण पाणी का पीत नाही, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. कांदा काढायला, ऊस तोडायला सकाळी गेलं की दिवसभर आडोसा नाही. म्हणून पाणीच नको, आणि लागली तरी दाबून धरायची. मग जळजळ होते, थेंबथेंब होते, गढूळ होते, वास मारते. आपण म्हणतो, उष्णता झाली, आणि सब्जाचं पाणी पितो. सब्जा प्या की! पण जंतू झाले असतील तर ते त्यानं जात नाहीत, औषधच लागतं. थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखू लागलं, तर ते मूत्रपिंडापर्यंत गेलं असेल. गरोदर बाईनं तर एक दिवसही थांबू नये. त्यानं दिवस भरायच्या आत कळा येऊ शकतात. आमच्या गटानं एक केलंय. रानात जाताना एक जुनं लुगडं सोबत न्यायचं, दोघींनी धरायचं. मुकादम काय म्हणेल ते म्हणो.

पाणी पिऊनही लघवी कोऱ्या चहासारखी राहिली आणि डोळे पिवळे दिसले, तर ती कावीळ. आपल्याकडे आधी माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरवतात. पाणी पिवळं होतं ते चुन्यानं आणि हाताला लावलेल्या औषधानं. रक्ततपासणी आधी करा. दूषित पाण्यातून होणारी कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते.

लाल लघवी एकदाच झाली, दुखलं नाही, पुन्हा स्वच्छ झाली, तरी दाखवायचं. पाळी बंद झालेल्या आत्याबाई, मावशींना तर आम्ही हात जोडून सांगतो. रक्त लघवीतून की अंगावरून, हे आपलं आपल्याला कळत नाही, आणि दोन्हीची तपासणी लागते. न दुखणाऱ्या रक्तामागे कधी कधी गाठ असते. लवकर सापडली तर उपचार होतात.

फेस येऊन तसाच राहत असेल, तर साखर किंवा रक्तदाब असलेल्यांनी लघवी तपासून घ्यावी. गरोदर बाईच्या तोंडावर सूज आली, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रात्र असली तरी १०८ ला फोन करा.

कुणाला काही विचारायचं असेल, तर गटाच्या बैठकीत चिठ्ठी टाका. नाव लिहायची गरज नाही. पुढच्या शनिवारी नर्सताई आपल्यासोबत बसणार आहेत, चिठ्ठ्या त्यांच्याच हातात देऊ.