विजेच्या बिलातलं युनिट

विजेचं बिल हाती आलं की नजर आधी रकमेवर जाते आणि मग वापरलेल्या युनिटांवर. हे युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. ७५ वॅटचा पंखा तेरा-साडेतेरा तास फिरला की एक युनिट खर्ची पडतं. पण वॅट म्हणजे काय?

वॅट म्हणजे दर सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा. एक न्यूटन बल लावून वस्तू त्या बलाच्या दिशेनं एक मीटर सरकवली की एक ज्यूल कार्य होतं. आणि एक किलोग्रॅमच्या वस्तूला एक मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं त्वरण देणारं बल म्हणजे एक न्यूटन. असं उकलत गेलं की शेवटी तीनच गोष्टी उरतात: किलोग्रॅम, मीटर आणि सेकंद. ही मूलभूत एककं, आणि न्यूटन, ज्यूल, वॅट ही त्यांच्यापासून झालेली साधित एककं. मूलभूत एककं एकूण सातच; उरलेली चार म्हणजे अँपिअर, केल्विन, मोल आणि कँडेला.

मला या रचनेत सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. एक न्यूटन गुणिले एक मीटर, बरोबर एक ज्यूल. मध्ये बाराने गुणा, चाळीसने भागा, असं काही नाही. आपल्या युनिटात मात्र तास शिरला आहे. तासाचे ३६०० सेकंद, म्हणून एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. ही ऊर्जा किती मोठी आहे ते पाहा. पन्नास किलोचं सिमेंटचं पोतं मीटरभर उचलायला सुमारे ४९० ज्यूल लागतात. म्हणजे एका युनिटात ते पोतं सात हजारांहून जास्त वेळा उचलता येईल! हे कळल्यावर रिकाम्या खोलीतला पंखा चालू ठेवायला हात धजावत नाही.

मूलभूत एकक डळमळलं तर त्याच्यावर उभी असलेली सगळीच डळमळतात. १८८९ पासून किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळच्या सेव्र इथे जपलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल होता. शतकभरानंतर ताडून पाहिलं, तेव्हा तो आणि त्याच्या प्रतिकृती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंत फरक पडलेला आढळला. फरक अगदी सूक्ष्म, पण न्यूटन, ज्यूल, वॅट सगळे त्याच दंडगोलावर टेकलेले. अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून केली जाते आणि तो दंडगोल निवृत्त झाला.

विद्यार्थिमित्रांनो, गणित सोडवताना आकड्याशेजारी एकक लिहाच, आणि ते मूलभूत एककांत फोडून पाहा. समीकरणाच्या दोन्ही बाजूंची एककं जुळली नाहीत, तर उत्तर तपासायची गरजच नाही. सूत्र चुकलेलं आहे.