कृत्रिम दंतमूळ आणि विडी
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नरडाणा येथे दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिक्षण, हुंडा, विवाहखर्च अशा थोर विषयांवर व्याख्याने होत असतात. आम्ही मात्र आज एक लहानसा विषय निवडला आहे, तो म्हणजे दात. तथापि ज्याची दाढ गेली आहे त्यास विचारावे; ताटात दादरची भाकरी आणि भाजलेले शेंगदाणे असूनही त्यांस पारखे होणे म्हणजे काय, हे तोच सांगेल.

पूर्वी दात गेले की कवळी बसवीत. आता जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा लहानसा स्क्रू रोवून त्यावर दात बसविता येतो. यास इंप्लांट म्हणतात. आपण त्यास कृत्रिम दंतमूळ म्हणू. स्वीडन देशातील संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९५० नंतरच्या काळात सशाच्या हाडात टायटॅनियमचे उपकरण बसविले असता ते हाडाशी इतके एकजीव झाले की काढता येईना. या निरीक्षणातून १९६५ मध्ये त्यांनी मनुष्याच्या जबड्यात अशी मुळे प्रथम बसविली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा स्क्रू कोणत्याही सिमेंटाने हाडात धरलेला नसतो. हाड स्वतः वाढून त्यास कवटाळते आणि या कार्यास साधारणतः तीन ते सहा महिने लागतात. नव्या रोपास जसे पाणी, तसे या हाडास रक्त. विडीतील निकोटिन रक्तवाहिन्या आकुंचित करते. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तामध्ये प्राणवायूची जागा बळकावतो. म्हणजे रोप लावावे आणि पाटाचे पाणी तोडावे, असा हा प्रकार होय. शिवाय धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते. त्यामुळे आतील रोगाची सूचनाच मिळत नाही आणि मनुष्य निर्धास्त राहतो.

१९९३ साली बेन आणि मॉय या दोन दंतवैद्यांनी ५४० रुग्णांच्या २,१९४ दंतमुळांचा हिशेब प्रसिद्ध केला. धूम्रपान न करणाऱ्यांची शेकडा ४.७६ मुळे निकामी झाली होती. करणाऱ्यांची शेकडा ११.२८. म्हणजे दुपटीहून अधिक. अर्थात धूम्रपान करणाऱ्यांचीही बहुसंख्य मुळे टिकली, हे आम्ही लपवीत नाही. परंतु धोका पत्करावयाचा तो जाणून पत्करावा.

लपविण्याचा विषय निघालाच आहे, तर आमचीच गोष्ट सांगितली पाहिजे. चार वर्षांपूर्वी आम्ही असेच एक मूळ बसवून घेतले. पैसे मुलाने कापसाच्या उत्पन्नातून दिले. वैद्यांनी विचारले, "मास्तर, विडी-तंबाखू?" मुलगा शेजारी बसला होता. तीस वर्षे वर्गात व्यसनमुक्तीचे धडे दिलेल्या आमच्या मुखातून उत्तर गेले, "नाही." पाचव्या महिन्यात जिभेचा स्पर्श होताच स्क्रू हलू लागला. तो काढावा लागला तेव्हा आम्ही खरे सांगितले. वैद्य रागावले नाहीत, एवढेच म्हणाले, "पहिल्या दिवशी सांगितले असते, तर आपण आधी विडी सोडविली असती." मुलगा काही बोलला नाही. ते न बोलणे आम्हांस अधिक लागले. विडी सुटून आता चौदा महिने झाले. दाढेची जागा मात्र अद्याप रिकामी आहे.

बंधूंनो, आम्ही खोटे का बोललो? लाजेने. आणि विडी शिकलो कोठे? आपल्याच बैठकीत, पाहुणचाराच्या तबकातून. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत शेकडा २६.६ प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखू घेत असल्याचे आढळले. त्यांत धूर काढणाऱ्यांहून चघळणारे व मिश्री लावणारे फार अधिक. आमच्या भगिनींनी मिश्रीस निरुपद्रवी समजू नये. तंबाखू जेथे दाबून ठेवावी तेथील हिरडी दातापासून सरकते, आणि मुखाच्या कर्करोगाचे भय तर आहेच.

म्हणून दोन विनंत्या. पहिली : दंतवैद्यापुढे खरे बोलावे. शस्त्रक्रियेपूर्वी निदान एक आठवडा आणि नंतर आठ आठवडे धूम्रपान बंद ठेवावे, असा सल्ला बेन यांनी दिला होता. कायमचे सोडणे सर्वांत उत्तम. एकट्याने सुटत नसेल तर शासनाच्या १८००-११-२३५६ या विनामूल्य दूरध्वनीवर साहाय्य मिळते. दुसरी विनंती मंडळास : साखरपुडा असो वा पंचांची बैठक, आपल्या तबकात येथून पुढे विडी-तंबाखू ठेवू नये, बडीशेप आणि गूळ-शेंगदाणे ठेवावेत. तबक रिकामे परत गेले म्हणून कोणाचा मान कमी होत नाही.

शेंगदाणे चावण्यास दात मात्र शाबूत हवेत! इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.