झोपेची गोळी : एक जमाखर्च

(वार्षिक स्नेहमेळाव्यातील मनोगत, शिरूर कासार)



दिवाळीनंतर आपल्या भागातील अनेक घरांतील कर्ती माणसे ऊसतोडीस जातात आणि मागे वृद्ध आईवडील राहतात. त्यांच्या निद्रानाशावर बहुधा एकच उपाय योजला जातो : जुन्या चिठ्ठीवरची, क्वचित शेजाऱ्याकडून मागून आणलेली गोळी. मी वैद्य नव्हे, वाणिज्य शाखेचा पदवीधर. म्हणून वैद्यकातील सर्वमान्य माहिती जमाखर्चाच्या भाषेत मांडतो.

झोल्पिडेमचा निम्मा अंश साधारण अडीच तासांत शरीरातून उतरतो, अल्प्राझोलामचा ११ तासांच्या आसपास. डायझेपामला मात्र दोन दिवसही लागू शकतात, वृद्धांत त्याहून अधिक. म्हणजे कालची शिल्लक आजच्या खात्यात ओढली जाते आणि तीवर रोज नवी जमा पडते. दिवसाची गुंगी, विस्मरण, तोल जाणे हे तिचेच व्याज होय. रात्री लघवीस उठलेल्या आजी पडतात, खुब्याचे हाड मोडते. गोळीची किंमत क्षुल्लक. त्या शस्त्रक्रियेपायी मात्र मुकादमाकडून घेतलेली उचलही संपून जाते.

लवकर उतरणारी गोळी निर्धोक, असेही समजू नये. झोल्पिडेमने झोपेत चालण्यासारखे प्रकार घडल्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये ठळक इशारा छापणे सक्तीचे केले. स्त्रियांसाठीची मात्रा तर २०१३ मध्येच निम्म्यावर आणली होती. अल्प्राझोलामची सवय जडते. सर्दीची गोळी निरुपद्रवी मानून झोपेसाठी घेणाऱ्या वृद्धांची लघवी अडू शकते, भ्रम होऊ शकतो. मद्यासोबत यांपैकी काहीही घेणे जिवावर बेतू शकते.

तथापि हे ऐकून कोणी रोजची गोळी आजच बंद करू नये. काही गोळ्या एकाएकी सोडल्यास आकडी येण्याचा संभव असतो; मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हळूहळू उतरवावी लागते.

या तिन्ही औषधांचा समावेश २०१३ मध्ये केंद्र सरकारने 'एच-१' अनुसूचीत केला. त्यांच्या विक्रीची नोंद स्वतंत्र वहीत ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. आपल्या औषध खिडकीवरून जुनी चिठ्ठी परत केली जाते याचा काहींना राग येतो. तो आम्ही आनंदाने सोसू. फडावर निघण्यापूर्वी आईवडिलांच्या गोळ्यांची सारी पाकिटे एका पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवून जावीत, एवढी विनंती.