भेटीचे रोप निवडताना
(बोदलकसा येथील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण शाळेत होतो तेव्हा पत्त्याच्या शेवटी ‘जिल्हा भंडारा’ लिहायचो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर आपणही पांगलो होतो. आज बोदलकसाच्या तलावाकाठी पुन्हा एकत्र बसलो आहोत. समितीने माझ्यावर एक छोटे काम सोपवले होते. प्रत्येकाला आठवण म्हणून कुंडीतले एक रोप द्यायचे आहे, ते कोणते असावे ते तू ठरव. मी सॉफ्टवेअरची माणूस, वनस्पतिशास्त्राची नव्हे. पण आमच्या घरी दोन मांजरी आणि एक कुत्रा आहे, त्यामुळे घरात कोणते झाड आणायचे याचा अभ्यास करणे मला भागच होते.

ग्रुपवर सर्वांत जास्त मते मनी प्लांटला पडली. त्याखालोखाल पीस लिली आणि स्नेक प्लांट. कारण एकच, ‘ही झाडे हवा शुद्ध करतात.’ ही समजूत ‘नासा’च्या १९८९ च्या एका अभ्यासावरून पसरली. तो प्रयोग छोट्या बंदिस्त पेट्यांमध्ये केलेला होता. आपल्या घराला दारे-खिडक्या असतात. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात निघाले की, खिडकीतून येणाऱ्या हवेइतके काम झाडांकडून करून घ्यायचे तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील. आणि घरातल्या मांजरीने यातले पान चावले तर काय होईल, हा प्रश्न त्या प्रयोगात कोणी विचारलाच नव्हता.

त्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. कोचईची पाने चिरताना हात खाजतात, नीट न शिजलेली वडी घशाला खाजवते, म्हणून आपण तिच्यात चिंच घालतो. पानात कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. मनी प्लांट, पीस लिली, डिफेनबेकिया, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा ही सगळी कोचईचीच भावंडे. कुत्र्याने किंवा मांजरीने पान चावले की तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटी होते. जीव सहसा जात नाही, पण मुके जनावर हैराण होते. स्नेक प्लांटमध्ये सॅपोनिन असते, त्यानेही उलट्या-जुलाब होतात. कोरफड आपल्याला औषधी, पण तीही या दोघांना बाधते.

काही झाडे मात्र जीवच घेतात. पहिली लिली. पुष्पगुच्छात असते ती मोठ्या पाकळ्यांची एशियाटिक किंवा ओरिएंटल लिली, आणि बागेतली डे लिली. एखाददुसरे पान, अंगावर पडून चाटले गेलेले पराग, फुलदाणीतले पाणी, एवढ्यानेही मांजरीची मूत्रपिंडे एक ते तीन दिवसांत निकामी होऊ शकतात. आधी उलटी होते, मग मांजर जरा बरी वाटते, आणि इथेच घात होतो. कुत्र्याचे यात पोट बिघडते तेवढेच. आजच्या सत्कारासाठी गुलाबाचे गुच्छ आणले, ते याचसाठी. आपल्या काही सर-बाईंची मुले दूर गावी असतात आणि घरी सोबतीला मांजर असते. आपल्या हातून गेलेल्या फुलांनी ती सोबत हिरावू नये.

दुसरे सायकस. बंगल्यांच्या फाटकाशी ते हमखास असते. त्याच्या एक-दोन बियांनीही कुत्र्याचे यकृत निकामी होऊ शकते. तिसरा गट चीक असलेल्या झाडांचा. कण्हेर, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, आणि हल्ली गच्चीवर दिसणारे अडेनियम. यांचे विष थेट हृदयावर काम करते. पानफुटी आणि फुलांचे कलांचोही तसेच, चीक नसला तरी. कळलावी आपल्या जंगलात फुलते तिथेच शोभते, कुंडीत नको.

नावांवर विसंबू नका, हे विशेष सांगावेसे वाटते. मोगरा आणि जाईजुई सुरक्षित, पण तगर आणि रातराणी नाही. खरा बांबू सुरक्षित, पण ‘लकी बांबू’ हा बांबूच नव्हे, तो ड्रॅसिना आहे आणि बाधतो. रोपवाटिकेत जाताना झाडाचे शास्त्रीय नाव विचारा. अमेरिकेतील एएसपीसीए ही संस्था प्राण्यांच्या विषबाधेवर सल्ला देते. तिची झाडांची यादी शास्त्रीय नावांनिशी आहे.

मग घरात ठेवायचे तरी काय? बरेच काही आहे. अरेका पाम, बोस्टन फर्न, कॅलाथिया, मरांटा, पेपेरोमिया, होया, हावर्थिया, आफ्रिकन व्हायोलेट. कोरफडीसारखे काही हवे असेल तर हावर्थिया घ्या. अंधाऱ्या कोपऱ्यासाठी ॲस्पिडिस्ट्रा. आणि मांजरीला हक्काचे गवत हवे असेल तर घटस्थापनेला पेरतो तसे परळभर गहू पेरा. ते कुरतडायला मिळाले की ती बाकी कुंड्यांकडे कमी वळते.

आपल्या भेटीसाठी मी स्पायडर प्लांट निवडला आहे. तो आपल्या सफेद मुसळीचा जवळचा नातलग. ऊन थेट नको, उजेड हवा, माती वरून सुकली की पाणी. मांजरीला त्याची लोंबती पाने खेळायला आवडतात. फार खाल्ली तर एखादी उलटी होईल, पण विष नाही. त्याला दोरीसारख्या दांड्यांवर पिल्ले येतात. ती लावून शेजाऱ्यांना द्या.

खताचेही पाहा. एरंडीची पेंड कुत्र्यासाठी घातक आहे आणि हाडांच्या भुकटीच्या वासाने तो कुंडी उकरतो. गांडूळखत बरे.

शेवटचे आणि महत्त्वाचे. जनावराने काही खाल्ल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट पाहू नका. तोंडातला पाला काढा, ओल्या फडक्याने तोंड पुसा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका, त्याने दुसरी विषबाधा होते. झाडाची फांदी पिशवीत घ्या किंवा फोटो काढा आणि ताबडतोब पशुवैद्यकांकडे जा. लिलीच्या बाबतीत पहिल्या काही तासांतच सलाईन सुरू झाले तर मांजर वाचू शकते. उशीर झाला तर फारसे काही हाती राहत नाही. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण तिरोड्याहून तिथे पोहोचायला वेळ लागतो. म्हणून जवळच्या दवाखान्याचा आणि रात्री फोन उचलणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आजच, जेवणाला उठण्यापूर्वी, मोबाइलमध्ये जतन करा.