पुंडलिकाची वीट



बसून घ्या. मागच्या मंडळींना ऐकू येतंय ना? टाळकऱ्यांनी जरा विसावा घ्यावा. माउली, विणा तेवढा उभा राहू द्या.

आज नवमी. वाखरीचा मुक्काम. उद्या दशमीला पालख्या पंढरीत शिरतील. आळंदीहून, देहूहून निघालेले हे पाय पंधरा दिवसांवर चालले. ऊन लागलं, पाऊस लागला, चिखल तुडवला. पण पायांची एक गंमत बघा. पाय तक्रार करतील, सुजतील, फोडं येतील, तरी एकापुढं एक पडत राहिले की ते पोचतात. पाय उद्या पोचणारच आहेत. काळजी पायांची नाही, काळजी मनाची आहे. उद्या चंद्रभागेचं पाणी अंगाला लागेल, तेव्हा मन कुठं असेल? कळसाकडं बघून हात जोडाल, तेव्हा मन कुठं असेल?

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. वाटेत एका मुक्कामाला कीर्तन संपलं. एक म्हातारी माउली पुढं आली. गळ्यात माळ, डोक्यावर तुळस. म्हणाली, "महाराज, एक विचारू का? माळ हातात फिरती, पण मन घरी फिरतंय. मालक तीन वर्सं अंथरुणाला खिळलेत. अर्धं अंग गेलंय. पोराच्या भरवशावर टाकून आलेय. पोरानं पाणी पाजलं असंल का, कूस बदलली असंल का, हेच मनात. तोंडानं विठ्ठल म्हणते अन् डोळ्यापुढं त्यांची खाट दिसती. माझी वारी वाया गेली का हो?"

आता मी काय सांगावं? मी म्हणालो, "आजी, देह वारीत नि मन घरात, ही वारी देवाच्या खात्यात जमा होत नाही. मन एकाग्र करायला शिका." बोलणं झोकात झालं. आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. आजीनं मात्र मान खाली घातली, माझ्या पाया पडली आणि निघून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, माउली. कारण मी माझ्या मनाकडं बघितलं. दोन तास कीर्तन केलं, त्यात माझं मन कुठं होतं? माईक नीट लागलाय का, गर्दी किती जमली, पुढच्या रांगेतले पाहुणे डुलक्या का देताहेत! त्या आजीचं मन निदान एका माणसापाशी होतं. माझं छत्तीस ठिकाणी होतं. आणि उपदेश कुणी कुणाला केला? म्हणून आजची सेवा म्हणजे त्या दिवशी दिलेलं उत्तर परत घेणं आहे.

एकाग्र म्हणजे काय? अग्र म्हणजे टोक. ज्याला एकच टोक आहे ते एकाग्र. सुईला एक टोक असतं म्हणून ती शिवते. सुईला दोन्हीकडं टोक काढा, शिवणारणीच्याच बोटात जाईल. आपल्या मनाला दहा टोकं आहेत. शिवत काही नाही, टोचत मात्र सगळीकडं!

योगशास्त्रात मनाच्या पाच अवस्था सांगितल्यात. क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. क्षिप्त म्हणजे फेकलेलं, सारखं भिरभिरणारं. मूढ म्हणजे सुस्त, झापड आलेलं. आणि विक्षिप्त? हसू नका. आपण विक्षिप्त म्हणतो ते तऱ्हेवाईक माणसाला. शास्त्रात विक्षिप्त म्हणजे मधूनमधून टेकणारं मन. जरा टेकतं, पुन्हा उडतं. आपण बहुतेक सगळे या तिसऱ्या पायरीवर आहोत. म्हणजे फार वाईट अवस्था नाही बरं! पुढची पायरी एकाग्रच आहे.

पण लोक म्हणतात, महाराज, आम्हाला एकाग्रता जमतच नाही. मी म्हणतो, खोटं. पैसे मोजताना कुणाचं मन हलतं का? नोटांची गड्डी हातात घेतली की बायकोनं हाक मारली तरी ऐकू येत नाही. एकाग्रता सगळ्यांकडं आहे. फक्त ती कुठं लावायची, एवढाच प्रश्न आहे.

एकनाथ महाराजांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. नाथ देवगिरीला जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. हिशेबाचं काम नाथांकडं. एकदा हिशेबात एका पैची चूक निघाली. पै ती काय! दुसरा म्हणाला असता, खिशातली घालतो, झोपू द्या. नाथ समईपुढं बसले. रात्र सरत आली. भूक नाही, तहान नाही, झोप नाही. पहाटे चूक सापडली आणि नाथांनी आनंदानं टाळी वाजवली. जनार्दनस्वामी जवळ येऊन उभे होते, याचाही पत्ता नव्हता. स्वामी काय म्हणाले? एका पैची चूक सापडली तर तुला एवढा आनंद होतो. या संसाराच्या हिशेबात जी मोठी चूक झाली आहे, ती सापडली तर केवढा आनंद होईल!

बघा हं, स्वामींनी नाथांना नवीन मन दिलं नाही. तेच मन, तोच चिवटपणा. वही बदलली. सद्गुरू एवढंच करतात, माउली, आपली वही बदलतात.

मग हे मन देवाकडं लावताना पळतं का? याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानं हेच गाऱ्हाणं मांडलंय. अर्जुन म्हणजे कोण? पक्ष्याच्या डोळ्यावर नेम धरताना ज्याला झाड दिसलं नाही, फांदी दिसली नाही, तो अर्जुन. तो देवाला सांगतो की मन धरून ठेवणं म्हणजे वारा धरून ठेवण्याइतकं अवघड आहे. बाण मारताना ज्याचं मन हललं नाही, त्यालाही ध्यानाला बसल्यावर मन आवरेना! मग आपण कशाला लाजायचं?

आणि देव काय म्हणाले? रागावले नाहीत. जसं मी आजीला बोललो तसं बोलले नाहीत. देवांनी आधी कबूल केलं की बाबा, तू म्हणतोस ते खरं आहे. मग उपाय सांगितला, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे काय? मन जिथं जिथं पळेल, तिथून त्याला परत आणायचं. शंभरदा गेलं, शंभरदा आणायचं. गुराखी वासराला काठीनं मारून टाकतो का? पुन्हा दाव्याला आणून बांधतो. ज्यानं मन शंभरदा परत आणलं, त्याचा नेम शंभरदा चुकला असं समजू नका. त्याचा अभ्यास शंभरदा घडला.

आणि वैराग्य? त्यासाठी भागवताच्या एकादश स्कंधात जाऊ. याच स्कंधावर नाथांनी टीका लिहिली, ती शके १४९५ मध्ये काशीत पूर्ण झाली. त्यात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यातला एक गुरू म्हणजे एक कुमारी मुलगी. घरात मोठं कुणी नाही आणि तिला बघायला पाहुणे आले. त्यांच्या जेवणासाठी ती आत साळी कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. पोरीला लाज वाटली, घरात तांदूळही कांडलेले नाहीत हे पाहुण्यांना कळेल. तिनं एकेक बांगडी काढली. दोन दोन राहिल्या, तरी वाजतच होत्या. शेवटी एकेक ठेवली. आवाज थांबला, काम सुरू राहिलं.

बायांनो, घरी जाऊन बांगड्या उतरवू नका हं! अवधूतानं यातून एकांताचा धडा घेतला. आपण मनाचा घेऊ. दोन इच्छा एकमेकींवर आपटतात, त्याचं नाव मनाचा गोंगाट. वैराग्य म्हणजे हात उघडे करणं नाही, एक बांगडी ठेवणं. विठोबाच्या नावाची एक राहू द्या. आणि त्या मुलीनं कांडणं थांबवलं का? नाही. काम चालू, गोंगाट बंद. हीच एकाग्रता.

आता पंढरीत चला. उद्या चंद्रभागेत स्नान कराल, मग आधी कुणाचं दर्शन घ्याल? पुंडलिकाचं. विठोबाच्या आधी पुंडलिक का? कारण विठोबा इथं उभा राहिला तो त्याच्यामुळं. पुंडलिक आईबापांची सेवा करत होता. म्हाताऱ्या देहांचे पाय त्याच्या हातात होते. दारात साक्षात परब्रह्म आलं. आपण असतो तर? पाय सोडून धावलो असतो, फोटो काढला असता! पुंडलिकानं वीट मागं सारली. यावर उभा राहा, माझं काम चाललंय. हात ढळला नाही, मन ढळलं नाही. आणि देव रुसला का? अठ्ठावीस युगं झाली म्हणतात, अजून उभा आहे. कमरेवर हात ठेवून कौतुक बघत उभा आहे. माउली, ती वीट म्हणजे एका माणसाच्या एकाग्रतेची खूण आहे.

आता कळलं, मी आजीला काय चुकीचं सांगितलं? पंढरीची वाट जिच्या घरातूनच जात होती, तिला मी म्हणालो, घर विसर.

पण एक सांगायचं राहतंच. चिंता आणि सेवा एक नाही. सेवेत हात कामात असतात. चिंतेत हात रिकामे आणि मन घाण्याच्या बैलासारखं फिरत असतं. दिवसभर चालतं, पोचत कुठंच नाही. म्हणून घरी असाल तेव्हा हातात दुखणाईताचे पाय असतील, तर मनही त्या पायांपाशी ठेवा. मन पंढरीला पळालं तर परत आणा, तिथंच पंढरी आहे. आणि इथं वारीत आला असाल, तर घरचं माणूस देवाच्या हवाली करा. जो जनीच्या जात्याला हात लावतो, जो श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी पाणी भरतो, तो तुमच्या घरच्या खाटेपाशी उभा राहणार नाही का? काळजी आली की हाकलू नका. तिला विठ्ठल म्हणा आणि पुढचं पाऊल टाका. पुन्हा आली, पुन्हा म्हणा. जिथं देह आहे तिथं मन, आणि जिथं मन आहे तिथं देव. एवढं साधलं की एकाग्रता झाली.

यंदा ती आजी मला वाटेत कुठं दिसली नाही. घरीच असेल. या घडीला कदाचित मालकाची कूस बदलत असेल. तसं असेल तर माउली, आपण अजून वाखरीत आहोत आणि ती आपल्या आधी पंढरीत पोचली आहे. तिला इथूनच माझा दंडवत. उद्या पुंडलिकापुढं डोकं टेकवाल, तेव्हा तिच्या वतीनं एकदा टेकवा.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!